व्हाया शंकर नगर

देवीदास बोलायचा थांबला होता, आणि तरी बोलत होता.

गंगाधरने हे चाळीस फुटांवरून, क्रेनच्या केबिनमधून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खाली सळयांचा भारा हुकाला लटकत होता. भाऱ्याशेजारी त्याचा साळा देवीदास तोंडाशी वायरलेस सेट धरून उभा होता. देवीदासने सेट तोंडापासून दूर केला, मान वळवली आणि थुंकला. माणसाला एका वेळी थुंकता आणि बोलता येत नाही, एवढं शरीरशास्त्र गंगाधरला ठाऊक होतं. पण त्याच्या कानातला देवीदास मात्र मन लावून "आन दे, आन दे, आन दे" करत होता, आणि गंगाधर माल आणत होता.

भारा जमिनीला टेकला, वर एक हिसका बसला, आणि मग कानातला देवीदास गप्प झाला.

गंगाधरचा भुतांवर विश्वास नव्हता. त्याच्या बापाने दीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर भुतांनाही घराबाहेर काढलं होतं, आणि ती बिचारी पुन्हा फिरकली नव्हती. तरी त्या सकाळी त्याने सेट कानावरून काढून उलटसुलट करून पाहिला. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. देवीदास धडधाकट होता आणि चेन सोडवत होता.

छत्तीसगढातल्या भनपुरीच्या त्या रोलिंग मिलमध्ये गंगाधर सव्वीस वर्षं क्रेन चालवत होता. देवीदास खाली खलासी, म्हणजे माल बांधणारा, टेकवणारा आणि वरच्याला सांगणारा. या कामाची तिथली रीत कुठल्या पुस्तकात नव्हती, पण पुस्तकांपेक्षा पक्की होती. खालचा माणूस "आन दे, आन दे" म्हणत राहणार. त्याचं बोलणं चालू आहे तोवर माल खाली येणार. बोलणं थांबलं की माल थांबला. "थांब" असा हुकूमच नव्हता. ज्या म्हाताऱ्या खलाशाने ही रीत लावून दिली, त्याचं म्हणणं होतं की मालाखाली सापडलेला माणूस 'थांब' म्हणेलच असं नाही, पण गप्प नक्की होतो.

या एका शहाणपणावर भनपुरीत कितीतरी हातपाय शाबूत राहिले होते.

जुने सेट होते तोवर ही रीत लोण्यात सुरी जावी तशी चालली. त्या सेटांत खरखर फार. पाऊस पडला की खरखर, भट्टी पेटली की खरखर. पण देवीदास खाली बोलला की त्याच क्षणी वर ऐकू यायचं, आणि तो गप्प झाला तरी बटण दाबलेलं असल्याने त्याचा श्वास, मागची धडधड, सगळं कानात असायचं. माणूस आहे, एवढं तरी कळायचं.

मग सुरक्षेची तपासणी झाली, तीत खरखर हा दोष निघाला, आणि कारखान्यात डिजिटल सेट आले. आवाज असा स्वच्छ, की देवीदासच्या गालातल्या खर्ऱ्याची सुपारी ऐकू यावी. शिवाय एक सोय होती. कारखान्यात कोण काय बोलतं हे मालकाला कळत नाही, हा या धंद्यातला जुना दोष. मालकाचा मुलगा भार्गव बाहेरून शिकून आला होता आणि शंकर नगरच्या ऑफिसात बसत होता. त्याने तो दोष दूर केला. आता खालच्या माणसाचा आवाज शेडवरच्या टॉवरला जाई, तिथे त्याचे बारीक तुकडे होत, तुकड्यांचे आकडे होत, आकडे तारेतून शहराच्या त्या टोकाला, शंकर नगरला जात, तिथे त्यांची नोंद होई, भार्गवला वाटलं तर तो ऐके, आणि मग तो आवाज उलट्या वाटेने भनपुरीला येऊन चाळीस फूट वर चढे.

खालून वर यायला एवढा प्रवास. आणि प्रवासाला वेळ लागतो, ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत गंगाधरने डबा न उघडताच विषय काढला. देवीदास आणि त्याच्या टोळीतला फिटर लोकेश बाकावर बसले होते.

"देवीदास, तू सकाळी थुंकला तवा बोलून राहिला होता का?"

"भाऊजी, मी झोपेतबी बोलतो म्हणते माही बायको." देवीदासने भाकरी मोडली. "काहून?"

"तुहा आवाज मागून येते. तू थांबतो, मंग आवाज थांबते."

"तुमचे कान रिटायर होऊन राहिले. तुमच्या आधीच." तो लोकेशकडे वळला. "सांग बे, भाऊजींले मशीन लावा लागते कानाले."

लोकेश छत्तीसगढी, चाळिशीचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "एक ठन हथौड़ा मार के देख लेव ना."

मग त्यांनी तेच केलं. लोकेशने खाली रुळाच्या तुकड्याजवळ सेट ठेवला, बटण दाबून धरलं आणि देवीदासने हातोडा मारला. गंगाधरने वर केबिनमध्ये बसून पाहिलं. हातोडा पडला. खिडकीतून खणकन आवाज आला. गंगाधरने मोजलं, एक... दोन... आणि कानात खणकन वाजलं, आधीच्या खणकेपेक्षा छान, चकचकीत.

वीज आधी आणि गडगडाट मागून, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण विजेपासून माणूस दूर असतो म्हणून ते चालतं.

त्यांनी दहा वेळा हातोडा मारला. आठदा दोन सेकंद भरले. एकदा दीड. एकदा, शंकर नगरच्या ऑफिसात सगळे जेवून परत कामाला लागले असावेत तेव्हा, जवळजवळ तीन. उशीर होता यापेक्षा हे वाईट होतं. उशीर ठरलेला असला तर माणूस त्याची सवय करून घेतो. आपण बायकोला वेळ अर्धा तास आधीची सांगतो, तसं. पण हा उशीरही मनाचा राजा होता.

क्रेन अगदी हळू चालवली तर हुक सेकंदाला एक इंच उतरतो. दोन सेकंदांत दोन इंच. गंगाधरने स्वतःचा पंजा हँडलवर आडवा ठेवून पाहिला. तो एक इंचाहून कमी जाड होता.

देवीदास त्या दिवशी वर बघून हसला नाही.

"साहेबाले सांगा भाऊजी," तो सेटवर म्हणाला. ते दोन सेकंदांनी पोचलं.

साहेब म्हणजे शिशिर साहेब, सुरक्षा अधिकारी. पुरानी बस्तीतलं जुनं मराठी घर, भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेलं, आणि तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या नोकरीत. सज्जन माणूस. त्याच्या टेबलावर 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी होती आणि ती भिंतीकडे तोंड करून होती, कारण दुसऱ्या बाजूला सुट्ट्यांची यादी चिकटवलेली होती.

त्याने सगळं नीट ऐकलं. दोन सेट घेऊन स्वतः बोलून पाहिलं. "हॅलो," तो डाव्या हातातल्या सेटमध्ये म्हणाला, आणि खुर्चीत मागे टेकला. थोड्या वेळाने उजव्या हातातला सेट "हॅलो" म्हणाला. शिशिर साहेबाचा चेहरा क्षणभर असा झाला, जणू कुणीतरी त्याची सही त्याच्या आधी करून टाकली.

"आहे थोडा," तो म्हणाला. "पण गंगाधरभाऊ, दोन सेकंद म्हणजे काय हो. आपलं सरकारी उत्तर यायला दोन वर्षं लागतात."

"साहेब, गुरुवारी गिअरबॉक्स बसवाचा आहे. खड्ड्यात. खड्डा आठ फूट. मले वरून देवीदास दिसत नाही तिथं. दिसते तवर मी डोळ्यानं सांभाळतो. खड्ड्यात कानच राहते फक्त."

"माहीत आहे."

"तो बोटानं चाचपून बोल्ट लावते. बोल्ट छेदात गेला का नाही, ते बोटाले कळते."

"बोट घालू नये असा नियम आहे."

"हो, आहे."

दोघांनीही नियमाच्या स्मरणार्थ पाटीवरच्या सुट्ट्यांच्या यादीकडे पाहिलं.

"जुने सेट द्या, एका दिवसासाठी."

"जुने बदल्यात गेले. नवीन घेताना सेटवाल्या कंपनीने परत घेतले." शिशिरने आवाज खाली आणला. "मी भार्गवजींना म्हटलं होतं, आवाज इकडचा इकडेच फिरू द्या, नोंद नंतर पाठवू. ते म्हणाले, मग मला लाइव्ह कसं ऐकू येणार? आता यावर मी काय बोलू? माझं घर पुरानी बस्तीत आहे, पण कर्ज नव्या घराचं आहे." त्याने गंगाधरने आणलेल्या अर्जावर बारीक अक्षरात लिहिलं, 'विलंब आढळला. नगण्य.' आणि सही केली. सही करताना त्याने गंगाधरकडे पाहिलं नाही, ही त्यातल्या त्यात सज्जनपणाची खूण.

त्या संध्याकाळी गंगाधरने जेवण अर्ध्यात सोडलं. रमा, त्याची बायको, देवीदासची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा देवीदास तीन वर्षांचा होता आणि रमा अकराची. तिने त्याला कडेवर वाढवलं, आणि लग्नात अट अशी घातली होती की भाऊ बरोबर येईल. गंगाधरला हुंड्यात साळा मिळाला, असं त्या वेळी सगळे म्हणत.

"काहून जेवत नाही? भाजी नाई जमली का?"

"जमली ना."

"मंग तोंड काहून असं? देवीदासशी भांडले का?"

"मी कायले भांडू."

"तो आज फोनवर लय गोड बोलला. म्हणे ताई, भाऊजींवर रागवू नको कधी. मी म्हणलं, का बे, पिऊन राहिला का?" ती हसली. "तुमी त्याच्यावर लक्ष ठेवजा. वरून दिसते ना तुमाले सगळं."

गंगाधरने ताट सरकवलं. वरून सगळं दिसतं, ही त्याच्याबद्दलची घरातली समजूत सव्वीस वर्षांची होती. ती न मोडता तो हात धुवायला उठला.

गुरुवारी सकाळी दोघांनी आपसांत नवी रीत ठरवली. "आन दे, आन दे" बंद. देवीदास एकदाच "एक" म्हणेल. गंगाधर हँडलला एक टिचकी देईल, म्हणजे अर्धा इंच, आणि मग पाचपर्यंत मोजून वाट पाहील. काही झालं असेल तर तेवढ्यात कळेल. देवीदासने हो म्हटलं. वीस वर्षांची सवय सकाळच्या चहावर सोडता येते, असं दोघांनीही एकमेकांना भासवलं.

नऊ टनांचा गिअरबॉक्स हुकाला लागला. खड्ड्यावर आला. खाली जाऊ लागला. देवीदासचं पिवळं हेल्मेट शिडीने खड्ड्यात उतरलं आणि दिसेनासं झालं. बाकीच्यांना नियमाप्रमाणे दूर केलेलं होतं. शेजारची लाइन चालू असल्याने शेडमध्ये असा गोंगाट, की माणसाने वरून ओरडून पाहिलं तर आपला आवाज आपल्यालाच पोचू नये.

"एक," कानात देवीदास म्हणाला. टिचकी. एक, दोन, तीन, चार, पाच.

"एक."

असं चाळीस मिनिटं चाललं. गंगाधरचा सदरा पाठीला चिकटला. प्रत्येक "एक" ऐकताना तो स्वतःला सांगत होता, हे आत्ताचं नाही, हे मघाचं आहे. मघाच्या देवीदासने सांगितलं, आत्ताचा कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. शेवटचे चार इंच उरले तेव्हा कानात देवीदासऐवजी दुसराच आवाज आला. स्वच्छ, थंडगार खोलीतला.

"भार्गव बोल रहा हूँ। भाई, ये एक-एक क्या चल रहा है? चालीस मिनट हो गए। सब लोग आपके लिए ही खड़े हैं। थोड़ा मूव कीजिए।"

मग देवीदास. मालकाच्या आवाजाने घाबरला, की चाळीस मिनिटांच्या "एक"ने जीभ थकली, की बोटाला बोल्ट सापडला आणि तो सगळं विसरला, देव जाणे. कानात आलं, "आन दे, आन दे, आन दे—"

आणि गंगाधरच्या हाताने आणलं.

हाताला सकाळचा ठराव माहीत नव्हता. हात वीस वर्षं त्या दोन शब्दांवर चालत आला होता. हँडल पुढे गेलं, हुक उतरू लागला, आणि मग कुठून तरी डोकं धावत आलं आणि त्याने हात मागे ओढला. माल थांबला. कानात "आन दे, आन दे" अजून चालू होतं. एक सेकंदभर. मग तुटलं.

गंगाधरला हिशेब करायचा नव्हता, तो आपोआप झाला. आवाज दोन सेकंद शिळा. माझ्यानंतर एक सेकंदाने तुटला. म्हणजे तो खाली माझ्या एक सेकंद आधीच गप्प झाला होता. गप्प झाल्यावर माल एक इंच उतरला.

एक इंच.

त्याने बटण दाबलं. सेटवर लाल दिवा लागला आणि टूं टूं टूं असा नम्र नकार आला. वाट अडलेली होती. कारण भार्गव बोलत होता.

"हाँ, ये हुई ना बात। यही स्पीड चाहिए। शाबाश। देखिए, करने से होता है। मैं हमेशा टीम को बोलता हूँ..."

जुन्या सेटावर दोन माणसं एकदम बोलली तर शिट्टी वाजायची, कान किटायचे, पण दुसरं कुणीतरी आहे एवढं कळायचं. नवा सेट सभ्य होता. एक बोलत असताना तो दुसऱ्याला आत घेत नव्हता, मग तो दुसरा खड्ड्यात ओरडत का असेना. गंगाधरने खिडकी उघडली आणि बोंब मारली. शेजारच्या लाइनने ती गिळली. त्याने पुन्हा बटण दाबलं. टूं टूं टूं. माल उचलावा? हात खाली सापडला असेल तर उचलायलाच हवं. पण हात वरच्या बाजूला, हुकाच्या पट्ट्यात असेल तर? उचलला आणि झोक्याने गिअरबॉक्सचा पाया सुटला, नऊ टन त्या आठ फुटी खड्ड्यात एका माणसाशेजारी हलले, तर? खाली उतरून पाहावं, तर शिडीला चार मिनिटं. त्याचा हात हँडलवर होता आणि तो हात आता त्याला कुणा परक्याचा वाटत होता. त्याला रमाच्या कडेवरचं तीन वर्षांचं पोर दिसलं. ते त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

"...टीमवर्क है सब," भार्गव म्हणाला आणि संपला.

"वर!" कानात देवीदास. "वर घे भाऊजी! वर घे!"

हेही मघाचंच. पण माणूस मघा तरी जिवंत होता. गंगाधरने एक टिचकी वर दिली. दुसरी दिली. थांबला. एक, दोन, तीन, चार.

"बस," कान म्हणाला.

खड्ड्याच्या काठावर पिवळं हेल्मेट आलं. मग खांदे. मग डावा हात. मग, फार वेळाने, उजवा. गंगाधरने चाळीस फुटांवरून बोटं मोजली. पुन्हा मोजली. पाच होती. हातमोजा नव्हता. तो नऊ टनांखाली बोल्टाभोवती चपटा झाला होता, आणि हात त्यातून कसा निसटला हे देवीदासला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. दोन नखं काळी पडली. बस्स.

चौकशी शंकर नगरला झाली. खोली गार, चहा कपात. भार्गव वाईट माणूस नव्हता. त्याने आधी देवीदासची नखं पाहिली, हळहळला, आणि मग रेकॉर्डिंग लावलं. सगळ्यांनी ऐकलं. "एक." "एक." मग त्याचा स्वतःचा आवाज, मग "आन दे", मग शाबासकी, मग "वर घे". सगळं जिथल्या तिथे, क्रमवार, सुरेख.

"बताइए," भार्गव म्हणाला, "इसमें डिले कहाँ है?"

कुणालाच दाखवता येईना. आवाजाच्या नोंदीत आवाज असतो. उशिराची नोंद होत नाही. गंगाधर पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, तो वर पोचाले वेळ लागते," आणि रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा सांगत होतं की सगळं ठीक आहे. त्या दोघांत रेकॉर्डिंग जास्त शांतपणे बोलत होतं. शिशिर साहेब चहाच्या कपात बघत होता.

"देखिए गंगाधर जी," भार्गव मऊ आवाजात म्हणाला, "असली प्रॉब्लम ये है कि आपको नीचे दिखता नहीं। इसलिए डर लगता है। नेचुरल है। दिखवा देते हैं।"

खड्ड्यात कॅमेरा आणि केबिनमध्ये पडदा, असं ठरलं. गंगाधरने मान हलवली. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. डोळे मिळणार होते. परतताना देवीदासने त्याच्या खांद्याला धक्का दिला. "पाह्यलं भाऊजी? माहे दोन नखं देऊन तुमाले टीव्ही भेटला."

दुसरा गिअरबॉक्स पुढच्या सोमवारी, शेजारच्या तसल्याच खड्ड्यात होता. शिशिर साहेबाने स्वतः केबिनमध्ये चढून पडदा लावून दिला. चित्र असं, की खड्ड्यातल्या देवीदासच्या नखांचा काळा रंगसुद्धा दिसावा. "आता?" शिशिर म्हणाला, आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्याने गंगाधरच्या डोळ्यांत पाहिलं.

तो उतरून गेला. माल खड्ड्यावर आला. गंगाधरने हँडल पुढे केलं आणि गिअरबॉक्सची कड त्याच्या डोळ्यांदेखत खड्ड्याच्या काठाखाली गेली. त्याने सवयीने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर खड्ड्यात गिअरबॉक्सचा पत्ता नव्हता. एक... दोन... मग वरून गिअरबॉक्स आत आला.

चित्रही शंकर नगरहून येत होतं.

गंगाधर कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत बसला. मागे निदान आवाज एकटा होता, त्याच्यावर शंका घेता येत होती. आता पडद्यावरचा देवीदास तोंड उघडायचा आणि बरोबर तेव्हाच कानात "एक" यायचं. ओठाला ओठ, शब्दाला शब्द जुळत होता. दोन साक्षीदार एकच गोष्ट एका सुरात सांगू लागले की तिला पुरावा म्हणतात, आणि पुराव्यापुढे चाळीस फुटांवरच्या माणसाने बोलायचं नसतं.

तरी तो टिचकी देत राहिला. "एक." टिचकी. पाच. "एक." टिचकी. पाच. चार इंच उरले. पडद्यावर देवीदासने हात गिअरबॉक्सखालून काढला, तो कॅमेऱ्याला दाखवला, पाच बोटं पसरली, अंगठा वर केला आणि हसला. "हात बाहेर आहे भाऊजी. आन दे बिनधास्त."

हात बाहेर होता. दोन सेकंदांपूर्वी. दोन सेकंदांत देवीदासला काय काय आठवू शकतं? बोल्ट वाकडा दिसू शकतो. छेदात खडा दिसू शकतो. त्या माणसाचं बोट डोळ्याच्या आधी जातं, हे पडद्याला माहीत नव्हतं, शंकर नगरला माहीत नव्हतं. गंगाधरला माहीत होतं, कारण सव्वीसपैकी वीस वर्षं त्याने ते वरून पाहिलं होतं.

"गंगाधर जी," भार्गव कानात आला, "सब दिख रहा है ना? फिर रुके क्यों?"

गंगाधरने हँडल मधोमध आणलं. मग डोक्यावरचा मुख्य स्विच खाली ओढला. खटका पडला, पंखा मंदावत थांबला, ब्रेक आवळले गेले. नऊ टन खड्ड्यात चार इंच अधांतरी राहिले. पडदा तेवढा वेगळ्या तारेवर होता, तो चालू राहिला.

त्याने बटण दाबलं. आवाज आपला वाटेल याची त्याला खात्री नव्हती, पण तो बरा निघाला.

"देवीदास, मी माल उतरवत नाही. स्विच काढला आहे. तू वर ये. लोकेशले काठावर उभा कर, मले माह्या डोळ्यानं दिसन असा. तो खड्ड्यात पाहून हात दाखवन तसाच मी उतरवीन. नाई तर नाई."

हे वाक्यही आधी शंकर नगरला गेलं. तिथे त्याची नोंद झाली. म्हणून पहिलं उत्तर तिथूनच आलं. "ये क्या तरीका है? आपको पता है लाइन..." गंगाधरने सेट कानावरून काढून खिळ्याला अडकवला. तिथे तो बोलत राहिला, बारीक, स्वच्छ.

खाली, खऱ्याखुऱ्या काठावर, पिवळं हेल्मेट वर आलं. देवीदास शिडीवरून पाय टाकून फरशीवर उभा राहिला. त्याने वर पाहिलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि तोंडाने काहीतरी शिवी हासडली. ती ऐकू आली नाही, पण दिसली. पडद्यावरचा देवीदास अजून शिडीच्या मधल्या पायरीवर होता, घाईने चढत होता.

लोकेश दुरून चालत काठाकडे निघाला. शिशिर साहेब ऑफिसच्या दारात आला, शेडकडे बघत उभा राहिला, आणि आत गेला नाही. पुढे काय होईल, नोकरी राहील की जाईल, हे गंगाधरला ठाऊक नव्हतं. त्याने दोन्ही हात हँडलवरून उचलून मांडीवर ठेवले. तेव्हा कुठे ते थरथरू लागले, कोपरापर्यंत, थांबता थांबेनात. त्याने ते थांबवले नाहीत. स्विच खाली होता. आता ते थरथरले तरी चालत होतं.